परवीनच्या गोष्टीचं तात्पर्य

परवीन आठ दिवस शाळेत नव्हती. चौथी ब, पट सेहेचाळीस. एक पोर कमी म्हणजे तपासायला एक वही कमी, एवढंच माझ्या मनात आलं. खोटं कशाला बोलू? सव्वीस वर्षं मी पोरांना मुद्द्यांवरून गोष्ट लिहायला शिकवतेय. फळ्यावर मुद्दे: एक मुलगी, संकट, युक्ती, सुटका, तात्पर्य. आणि वह्यांत सेहेचाळीस वेळा तीच मुलगी, तेच जंगल, तोच वाघ. एकदा फळ्याच्या कोपऱ्यात 'पुसू नये' लिहिलं, तर निम्म्या वर्गानं तेही गोष्टीत उतरवलं. असल्या वह्या वाचायच्या कोणी? खाली लाल पेनानं 'पाहिले' लिहायचं, सही ठोकायची, पुढची वही ओढायची.

सोमवारी तपासणीला साहेब येणार, म्हणून आमच्या मुख्याध्यापकांनी, हिंदुराव सरांनी, वह्या मागवल्या. परवीनची कपाटातच पडून होती. चाळता चाळता मी थांबले. जंगल नव्हतं.

"एक मुलगी विश्रांतवाडीला राहायची. अम्मी म्हणाली, मी कामाला जाते, आता धाकट्याला तू सांभाळ, शाळा पुरे. मुलीनं युक्ती केली. सगळं वहीत लिहिलं. बाई वाचतील आणि घरी येऊन अम्मीला सांगतील. तात्पर्य: बाई सगळं वाचतात."

खाली माझं लालभडक 'पाहिले'. तारीख तीन आठवड्यांपूर्वीची. म्हणजे त्यानंतर पोर जवळपास दोन आठवडे माझ्यासमोर बसून वाट बघत होती. आणि मी तिच्यावर खेकसत होते, "माझ्या तोंडाकडे काय बघतेस? खाली बघ, लिही!"

मला माझीच लाज वाटली. पाय भरून आले होते, तरी शाळा सुटल्यावर तिचं घर गाठलं.

"नाव काढून टाका बाई," तिची आई मदिनाबी दारातच म्हणाल्या. "मी कामावर गेल्यावर ह्याला कोण बघणार?" धाकटा परवीनच्या कडेवर होता. त्याचं नाक गळत होतं.

मी वाद घातला नाही, त्राणच नव्हतं. वही उघडली आणि गोष्ट वाचून दाखवली.

मदिनाबींनी वहीत डोकावून पाहिलं. "हे हिनं लिहिलं?"

"स्वतःच्या मनानं. अख्ख्या वर्गात हिनं एकटीनं."

"पण ह्याचं काय करू?"

"त्यालाही पाठवा," मी म्हणून बसले. सत्तेचाळीस! घ्या!

"सोमवारी पाठवते," त्या म्हणाल्या. नेमकं सोमवारीच, साहेबांसमोर. असो.

परवीननं वही हातात घेतली, 'पाहिले'वर बोट ठेवलं.

"बाई, तेव्हा वाचलं होतं तुम्ही?"

"नाही गं."

ती खाली बसली. धाकट्याला मांडीत घेतलं, पेन्सिल शोधली आणि तात्पर्याला एक शब्द जोडून वही माझ्यापुढे धरली.

"बाई सगळं वाचतात. उशिरा."