पाटीला सांगितलेलं दुखणं

मी एक जुनी, कोपरे उडालेली पाटी आहे. माझ्यावर पाढे नाहीत की दुकानाचं नाव नाही. माझ्यावर सहा तोंडं आहेत. पहिलं खदखदून हसतं, मग एकेक करत हसू मावळत जातं आणि शेवटचं ढसाढसा रडतं. धुळ्याला, देवपुरातल्या एका दवाखान्यात माझा मुक्काम असतो.

मित्रांनो, ताप मोजायला थर्मामीटर आहे, वजनाला काटा आहे, पण दुखणं मोजायचं यंत्र अजून कुणाला जमलेलं नाही. ते ज्याचं त्यालाच कळतं. म्हणून पेशंटने माझ्यावर बोट ठेवायचं आणि डॉक्टरांनी ते खरं मानायचं, अशी रीत आहे.

मला रंगवलं हसीब पेंटरने. तो दुकानांच्या पाट्या आणि ट्रॅक्टरमागची अक्षरं रंगवणारा माणूस. हसरी तोंडं त्याने चहा पिता पिता काढली, रडकं मात्र काही केल्या जमेना. मग त्याची अक्कलदाढ ठणकायला लागली. तेव्हा गालाला हात लावून, आरशात बघून त्याने ते एकदाचं काढलं. म्हणून ते थोडं हसीबसारखंच दिसतं, पण हे त्याला कुणी सांगू नका.

नवी होते तेव्हा माझे फार लाड झाले. नीट बोलता न येणारी पोरंसुद्धा माझ्यावर बरोबर बोट ठेवायची. पुढे गर्दी वाढली. घाईतले डॉक्टर मला लांबूनच दाखवत, "कितवं?" विचारत आणि उत्तर येईपर्यंत पुढच्या खाटेशी पोचलेले असत. हळूहळू मी दारामागे गेले. माझ्याच खिळ्यावर लोक रेनकोट अडकवू लागले.

तिथून मला बाहेर काढलं डॉक्टर मिसबाह यांनी. त्या दवाखान्यात नव्याने आल्या होत्या. त्यांनी मला ओल्या फडक्याने पुसलं आणि राउंडला काखेत घेऊन निघाल्या. त्या खाटेजवळ स्टूल ओढून बसायच्या आणि मगच विचारायच्या.

एकदा दोंडाईच्याजवळच्या खेड्यातून कमलबाई आल्या. त्यांचा कॅन्सर कमरेच्या हाडात उतरला होता. नवरा मागेच वारलेला. सोबत जेठ, म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ, भिकन आबा. आबा माणूस मायाळू. भावजयीला जीप करून, स्वतः आधार देऊन आणलं होतं त्यांनी. पण जेठासमोर डोईवरचा पदर ढळू द्यायचा नाही आणि तोंडातून शब्द काढायचा नाही, ही त्या घरची रीत. डॉक्टरांनी मला पुढे धरलं. कमलबाईंनी पदराआडून माझ्याकडे पाहिलं, आबांच्या पायांकडे पाहिलं आणि पहिल्या, हसऱ्या तोंडावर बोट ठेवलं.

"बरं शे तिले," आबा आपल्या अहिराणीत समाधानाने म्हणाले. डॉक्टरांनी साधी गोळी दिली.

ते बोट आधी शेवटच्या तोंडाकडे वळून मग मागे आलं होतं, ते मी पाहिलं होतं. तोंडं सहा असून काय उपयोग, एकानेही बोलता येत नाही!

डॉक्टरांना मात्र ते हसू पटलं नव्हतं. दुसऱ्या सकाळी आबा चहाला गेलेले पाहून त्या परत आल्या. कमलबाईंच्या पदराचा काठ चावून चावून फाटला होता. या वेळी बोट तडक शेवटच्या तोंडावर टेकलं.

"मग काल का नाही सांगितलं?"

"आबा व्हतात ना समोर. त्यासना समोर रडू का मी?" कमलबाई म्हणाल्या. "त्यासले सांगू नका."

डॉक्टरांनी कबूल केलं आणि तिथेच पेच पडला. एवढ्या दुखण्याला अफूपासून बनणारं मॉर्फिन हवं होतं, आणि घरी ते वेळच्या वेळी देणार होते आबाच. डॉक्टरांनी औषधाचं नाव काढताच आबा बिथरले.

"ती तर अफू! सवय लागी जाई. आनि तिनीच दखाडं ना हासतं तोंड? मंग अफू कसाले?"

माझंच हसरं तोंड कमलबाईंच्या आड आलं. मला इतका राग आला की हसीबचा रंग हाताशी असता तर ते तोंड तिथेच बुजवून टाकलं असतं.

डॉक्टरांनी आबांना समजावलं, की दुखण्यापुरतं, मोजून, आमच्या नजरेखाली दिलं तर व्यसनाची भीती नसल्यासारखीच असते. आबा हलेनात. कमलबाईंचं दुखणं परस्पर सांगणं डॉक्टरांच्या मनाला पटेना. त्यांनी जाऊन कमलबाईंनाच सगळं सांगितलं.

कमलबाईंनी पदर सावरला. मग म्हणाल्या, "आबासले पडदामांगे उभं करा."

त्यांच्याकडे जेठाला काही सांगायचंच झालं तर बाई भिंतीला सांगते आणि जेठ ऐकतो. आबा खाटेच्या पडद्यामागे येऊन उभे राहिले, पण दवाखान्याची भिंत खाटेपासून लांब होती. कमलबाईंनी मला मांडीवर घेतलं.

"पाटी, आबाले सांग, मी खोटं बोट ठेवं. माले भलतं दुखस. मराले मी भेत नही, पन हाई दुखनं सहन होत नही."

मित्रांनो, मी थक्क झाले. इतकी वर्षं माझ्यावर बोटं टेकली, पण माझ्याशी कुणी बोललं नव्हतं. एवढं दुखणं या बाईने एका हसऱ्या तोंडामागे कसं धरून ठेवलं असेल, हे मला आजही उमगत नाही.

पडद्यामागे खोकल्याचा आवाज झाला. मग आबांचा घोगरा आवाज आला.

"पाटी, तिले सांग, माले समजनं नही. औषध मी देसू. टाइमवर देसू."

त्या दुपारी कमलबाईंचा डोळा लागला. पदराचा काठ दातांतून सुटला होता.

काही महिन्यांनी आबा एकटेच आले, उरलेल्या गोळ्या परत करायला. कमलबाई शेवटी शांत झोपेत गेल्या, असं त्यांनी डॉक्टरांना सांगितलं. मी तिथेच टेबलावर होते.

"आणि तुम्ही कसे आहात, आबा?"

"बरं शे," आबा म्हणाले. पण त्यांचा हात वर आला आणि बोट माझ्या शेवटच्या तोंडावर टेकलं.

डॉक्टरांनी स्टूल ओढलं आणि त्यांच्याजवळ बसल्या. मित्रांनो, तुमच्या घरातलं माणूस 'बरं आहे' म्हणालं, म्हणून लगेच उठून जाऊ नका. जवळ बसा. तुमच्यासमोर सांगायला त्याला जड जात असेल, तर जरा पडद्यामागे उभे राहा. आणि ते जे सांगेल, ते खरं माना.