थापाड्या यंत्राची परीक्षा

यंत्रमावशींना हे नाव वाचकांनी दिलं होतं. तरुणपणी त्या मासिकांतून विज्ञानकथा लिहायच्या आणि जवळजवळ प्रत्येक कथेत एक बोलणारं यंत्र असायचं. घरच्यांनी तेव्हा नाकं मुरडली. पुढे मासिकं बंद पडली, मावशींचे केस पिकले आणि त्यांच्या मुलाने लग्न केलं ते नेमकं बोलकी यंत्रं घडवणाऱ्या एका संशोधक मुलीशी. सासू-सुनेचं असं सूत जुळलं, की मुलाला जेवताना दोघींच्या गप्पांत तोंड घालायला जागाच उरली नाही.

एका सकाळी सून म्हणाली, "आई, आज माझ्याबरोबर कामावर चला. आम्हाला एक अट्टल थापाडं माणूस हवंय."

"आणि तुला मीच आठवले?"

"तुमच्याइतक्या बेमालूम थापा दुसरं कोण मारतं?"

मावशींनी हसत चपला घातल्या. वाटेत सुनेने सगळं समजावून सांगितलं. त्यांच्या यंत्राला एखादी गोष्ट ठाऊक नसली, की ते तसं कबूल न करता बिनदिक्कत काहीतरी रचून सांगे. ही खोड मोडायचा उपाय त्यांनी शोधला होता. पण तो तपासायला खऱ्यासारखे वाटणारे खोटे प्रश्न हवे होते आणि संशोधकांना धड खोटं बोलता येत नव्हतं.

प्रयोगशाळेत शिरल्यावर मावशींचा जरा हिरमोडच झाला. त्यांच्या कथांतल्या यंत्रांचे डोळे लुकलुकायचे. इथे एक पांढरं टेबल, एक पडदा आणि काचेपलीकडे घरघरणारी काळी कपाटं. पण पडद्यावर अक्षरं उमटली, 'नमस्कार, काय विचारायचं आहे?' आणि त्यांच्या अंगावर काटा आला. हे वाक्य त्यांनी किती यंत्रांच्या तोंडी घातलं होतं! आज पहिल्यांदाच ते दुसरं कोणी म्हणत होतं.

त्यांनी विचारलं, दीपगृहातल्या मुक्या घड्याळजीने भरती मोजायला बनवलेलं घड्याळ बंद का पडलं? असा घड्याळजी कधी झालाच नव्हता. अजून न सुधारलेल्या त्या यंत्राने क्षणात उत्तर दिलं: खाऱ्या हवेने चाकं गंजली, मग घड्याळजीच्या मुलीने दुरुस्तीचा प्रयत्न केला, पण तोही फसला.

मावशी हसत सुटल्या. हसता हसता त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "अगं, गोष्टीत मुलगी मीही आणली असती! माझ्या यंत्रांनी बंडं केली, रुसवे धरले, एक तर प्रेमातही पडलं. पण खोटं एकही बोललं नाही. यंत्र म्हणजे खरंच बोलणार, असं मी धरूनच चालले होते. हे तर थेट माझ्याच धंद्यात आलं की!"

मग त्या रोज येऊ लागल्या. खऱ्या प्रश्नांत खोटे असे मिसळायच्या, की सुनेचा उंचाडा सहकारी, ज्याला सगळे लंबू म्हणत, तोही फसायचा. सुधारलेलं यंत्र पहिल्यांदा समोर आलं तेव्हा मात्र भलतंच झालं. त्रिकोणाला बाजू किती, यालाही त्याचं उत्तर 'मला माहीत नाही.' सून डोकं धरून बसली. मावशी तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, "बोलणी खाऊन खाऊन घुमं झालेलं पोर दिसतंय हे."

सून ताडकन उठली. चुकीबद्दल त्यांनी यंत्राला सपाटून शिक्षा ठेवली होती, बरोबर उत्तराला मात्र शाबासकी नावापुरती. गप्प राहणंच त्याला परवडत होतं! ती आणि लंबू लगेच हिशेब बदलायला बसले.

पुढच्या आठवड्यात पुन्हा परीक्षा झाली. त्रिकोणाचा प्रश्न सुटला, ग्रहणांबद्दलचेही सुटले. मग मावशींनी ठेवणीतला प्रश्न काढला, वाळवंटातल्या बर्फाच्या कारखान्याला लागलेल्या आगीचा. अक्षरं उमटली: 'अशा आगीबद्दल मला काही माहिती नाही. तुम्ही हे कुठे वाचलंत?'

लंबूने उडी मारली. सुनेने सासूला घट्ट मिठी मारली. मावशी सारखं एकच सांगत होत्या, "त्याने मला उलट विचारलं गं, उलट विचारलं!"

तेवढ्यात त्यांच्या मनात पाल चुकचुकली. खोड मोडता मोडता याची कल्पनाशक्तीच मारली नाही ना? लगेच त्यांनी ढगांवर घरं बांधणाऱ्या सुताराची गोष्ट मागितली. 'ही मनाने रचलेली गोष्ट आहे हं,' असं आधी सांगून यंत्र सुरू झालं आणि गोष्ट चक्क रंगली. शेवटी मात्र सुतार राजा झाला. मावशींना हे मुळीच पटलं नाही. हातचा रंधा सोडून तो सिंहासनावर कशाला बसेल, असं त्यांनी लिहिलं. यंत्राने विचारलं, मग तो काय करेल?

सगळे जेवायला निघाले. सुनेने दारातून दोनदा हाक मारली.

"तुम्ही व्हा पुढे," मावशी पडद्यावरून नजर न हलवता म्हणाल्या, "आमचं दोघांचं अजून एकमत होत नाहीये."