कुणीही दाबा

मी पुठ्ठ्याच्या खोक्यांच्या कारखान्यातलं लाल बटण बोलतोय. तळहाताएवढा माझा जीव. पण एक थाप बसली की अख्खं यंत्र जागच्या जागी थांबतं. माझ्या डोक्यावर पाटी आहे : ‘धोका दिसताच कुणीही दाबा.’

मला इथे आणलं कामगारांच्या पुढाऱ्यांनी, दादांनी. यंत्राच्या रुळांत त्यांची दोन बोटं गेली. त्यानंतर संप करून त्यांनी मला भिंतीवर बसवून घेतलं. त्या दिवशी जो तो मला हात लावून बघत होता. मी नुसता फुगलो होतो!

पुढे कंत्राटी कामगार आले. कायमच्यांचा शर्ट निळा, यांचा पिवळा. मॅनेजरसाहेबांनी पाटीखाली कागद चिकटवला : ‘पिवळ्यांनी आधी सुपरवायझरला विचारावे.’ कामाचा खोळंबा होतो म्हणे! निळ्यांपैकी कुणी ब्र काढला नाही. दादासुद्धा म्हणाले, “बटण आपल्या लढ्याचं. त्यांचं ते बघतील.” मी भिंतीवर चडफडत राहिलो.

एका दुपारी नव्या पिवळ्या मुलीची बाही रुळांत ओढली गेली. तिच्या सोबतिणी सुपरवायझरला हाका मारत सुटल्या. तेवढ्यात निळ्या शर्टातल्या जुन्या कामगार, सगळ्यांच्या वहिनी, धावत आल्या आणि त्यांनी मला असा गुद्दा हाणला की मी आतपर्यंत हादरलो. यंत्र थांबलं. बाही फाटली, हात वाचला.

साहेब तणतणत आले. “निळ्यांपैकी कुणाला काही झालं नव्हतं ना? मग यंत्र बंद का?”

दादा हळूच म्हणाले, “जाऊ द्या वहिनी. आपण आपल्या माणसांपुरतं बघू.”

“दादा, तुमची बोटं घेताना रुळांनी शर्टाचा रंग विचारला होता का हो?”

दादांचा चेहरा खर्रकन उतरला. मग ते पुढे आले, तो कागद टराटरा फाडला आणि आपला अर्धा पंजा माझ्यावर दाबून उभे राहिले. “नियम सगळ्यांना सारखा होईपर्यंत हे बटण वर येणार नाही.”

त्यांच्यामागे निळे उभे राहिले, पिवळे उभे राहिले. साहेबांनी घाम पुसला, इकडेतिकडे पाहिलं आणि म्हणाले, “बरं.” काय जल्लोष झाला! चालू यंत्राचाही एवढा आवाज मी कधी ऐकला नव्हता.

परवा त्याच मुलीने मला दाबलं. साहेब रुळांवर वाकले होते आणि त्यांचा टाय आत चालला होता. ओशाळून त्यांनी तिचे आभार मानले.

आता माझा रंग उडालाय, पण ऐट बघा! एवढंच सांगतो : माणूस आपला की परका, हे नंतर बघा. आधी मला दाबा!