सतराव्या पानावरचा नियम

मी एक चौकटींची वही बोलतेय. ज्या काळजीपायी माझ्या मालकिणीला अकरा रात्री धड झोप लागली नाही, तिचं उत्तर तेवढे दिवस माझ्याच सतराव्या पानावर होतं. मला ते माहीत होतं. पण वही बोलते ती कुणी उघडली तरच, आणि मला कुणी उघडत नव्हतं.

माझा जन्म छापखान्यातला. कागदाच्या थप्पीवर सुरी पडली, पाठीत दोन पिना बसल्या, झाली वही. माझ्या बहिणी गणितं सोडवायला गेल्या. मला घेतलं कॉलेजात शिकणाऱ्या एका मुलीने, आणि पहिल्याच पानावर लिहिलं, 'विश्वाच्या तीन बाजू'. मी मनात म्हटलं, चला, वजाबाकीतून सुटले.

तो एक खेळ होता. रविवारी दुपारी ती, तिचा धाकटा भाऊ आणि भावाचा एक मित्र जेवणाच्या टेबलाभोवती बसत. प्रत्येकाने एकेक पात्र व्हायचं, फासे टाकायचे आणि एका मनातल्या जगात भटकायचं, लढायचं, तह करायचे. त्या जगातला प्रत्येक जीव विश्वाच्या एका बाजूचा असे: नेम, उधळण किंवा तोल. प्रत्येक बाजूची भाषा निराळी, दुसरीला न कळणारी. या भाषा रचायचं काम तिने अंगावर घेतलं.

किती जीव ओतला तिने त्यात. नेमाच्या भाषेत 'कदाचित'ला शब्दच नव्हता. 'थिरव' म्हटलं की 'मी इथेच आहे, हलणार नाही'. उधळणीच्या भाषेत 'उद्या' नव्हता, हसण्याला मात्र चौदा शब्द होते. ती एक शब्द लिहायची, खोडायची, पुन्हा तोच लिहायची. तिचा स्वतःपेक्षा खोडरबरावर जास्त भरवसा. सतराव्या पानावर मात्र तिने शाईने एक नियम लिहिला आणि तो कधी खोडला नाही: 'जो बाजू बदलेल, तो जुनी भाषा त्याच क्षणी विसरेल.'

ती कायम नेमाच्या बाजूने खेळायची, भावाचा मित्र उधळणीच्या. पुढे त्या दोघांचंच लग्न ठरलं, तेव्हा भाऊ म्हणाला, "ताई, आता तोलाची भाषा तेवढी पुरी कर. गरज पडणार आहे." सगळे हसले. ती भाषा काही पुरी झाली नाही. संसार लागला, लेक झाली, आणि मी कपाटात इस्त्रीच्या जुन्या चादरीखाली गेले.

लेक सात वर्षांची झाली त्या वर्षी त्या घराची दोन घरं झाली. आदळआपट काही नाही. कपाट अर्धं रिकामं झालं, एवढंच मला कळलं. रिकाम्या कप्प्यात लपून बसायला आलेल्या त्या पोरीला मी सापडले.

माणसांचं मी एक पाहिलंय. मोठी माणसं वही चाळतात, मुलं वाचतात. तिने माझं अक्षर न् अक्षर वाचलं. आईने तिला नेमाचे शब्द शिकवले. शाळेच्या फाटकाशी आई 'थिरव' म्हणायची, लेक ते परत म्हणायची आणि मगच आत जायची.

एकाआड एक शनिवार-रविवार ती बाबांकडे असे. अशाच एका रविवारी संध्याकाळी ती परतली ती तोंड शिवल्यासारखी. शाळेत बोलायची, शेजारच्या काकूंशी बोलायची. फक्त आईशी नाही. मान हलवायची, बोट दाखवायची. आई 'थिरव' म्हणाली की ओठ घट्ट मिटून दुसऱ्या खोलीत जायची.

आईने तिचे कान तपासून आणले, घसा तपासून आणला. शाळेतल्या बाई म्हणाल्या, वर्गात तर हिची टकळी चालूच असते. मग आई स्वतःचे अपराध आठवत बसली: एकदा वेणी घालताना जोरात ओढलं होतं, एकदा न्यायला उशीर झाला होता. शेवटी तिने लेकीच्या बाबांना फोन लावला.

"काय सांगितलंस तिला माझ्याबद्दल?"

तुझ्याबद्दल काहीच नाही, तो म्हणाला. आपले ते उधळणीचे शब्द आठवतील तेवढे शिकवले. पोरगी पोट धरधरून हसली. आईने फोन ठेवला. तिला वाटलं, लेक त्याची झाली, आपण हरलो.

मला ओरडून सांगावंसं वाटत होतं. पण वह्यांच्या जातीला तेवढा आवाज दिलेला नाही.

अकराव्या दिवशी दुपारी तिने मला कपाटातून ओढून काढलं. या खेळानेच घर खाल्लं, असं काहीसं पुटपुटत ती मला रद्दीच्या पिशवीकडे घेऊन निघाली. कव्हर तिने जाता जाताच टरकावलं. पिना उचकटल्या, पानं फरशीवर विखुरली. सतरावं वर राहिलं. नियमाखाली पेन्सिलीने लिहिलं होतं:

'मी बाबांकडे खूप हसले. मला ती भाषा आवडली. म्हणजे माझी बाजू बदलली. पण आईची भाषा मला अजून येते. मी विसरल्यासारखं करते. कोणाला सांगू नको.'

मी सांगितलं नव्हतं. मी फक्त पडले.

पोरीच्या लेखी आईची भाषा म्हणजे आईशी बोलायचं ते सगळंच. आईने केलेला नियम ती जिवाच्या कराराने पाळत होती.

आई होती तिथेच खाली बसली. लेक शाळेच्या कपड्यांत दारात उभी होती, पायाने पाय घासत.

"हा नियम मी केला होता," आई म्हणाली. "चुकीचा केला. तू तिकडे हसलीस म्हणून इथली कमी नाही होत." आणि हाताला लागलेल्या पेनाने तिने त्या ओळीवर काट मारली.

आज मी दोऱ्याने शिवलेली, बिनकव्हराची, टेबलावरच असते. फार मागणं नाही माझं. मुलांच्या हाती पडतील असे नियम पेन्सिलीने लिहा, आणि अधूनमधून वही उघडून बघत जा.

त्या दुपारी लेक हळूहळू आली. गुडघ्यांवर बसून ती काट खूप वेळ निरखत राहिली. अकरा दिवसांनी पोरीने तोंड उघडलं.

"पट्टी घ्यायची ना, आई. रेघ वाकडी आलीय."