आरशामागचा कॅमेरा

दिवाळी होऊन तीन आठवडे झाले तरी उन्मेषचा डॅशकॅम, म्हणजे गाडीच्या काचेशी बसवायचा कॅमेरा, काही ठरत नव्हता. बडोद्याजवळ नंदेसरीच्या कारखान्यात मोजमापाची यंत्रं तपासण्यात त्याची वीस वर्षं गेली होती, त्यामुळे एक आकडा दुसऱ्याशेजारी मांडून बघितल्याशिवाय त्याला चैनच पडत नसे. कंपनीच्या बसमध्ये मोबाइल, जेवताना ताटाशेजारी मोबाइल, आणि रावपुऱ्यातल्या घरी पोचल्यावर बूट काढायच्या आधी बायकोला, मोहनाला, नवी माहिती. फोर-के म्हणजे चित्र स्पष्ट, हा लोकांचा भ्रम आहे म्हणे. बिटरेट कमी असला, म्हणजे सेकंदाला साठणारी माहितीच तुटपुंजी असली, तर धावत्या स्कूटरची नंबरप्लेट फोर-केतही पुसट येते. त्यापेक्षा कमी रेझोल्यूशनचा, पण चढ्या बिटरेटचा बरा. पण चढ्या बिटरेटनं कार्ड लवकर भरतं आणि जुनं पुसलं जातं. झालं, पुन्हा पहिल्यापासून सुरू.

निमित्त गाडीचं होतं. गणपतीत तिचा डावा आरसा तुटला, नवरात्रात डाव्या दाराला पोचा आला आणि धनतेरसला मागच्या चाकावरचा पत्रा खरवडला गेला, तोही डावाच. उन्मेषचे वडील भास्करराव, घरातले अण्णा, वय अठ्ठ्याहत्तर. ते दर वेळी एकच सांगत, की गाडी उभी होती आणि कोणीतरी ठोकून गेलं. रोज सकाळी ते बालमित्र नारायणकाकांना घडियाळी पोळच्या गल्लीतून गाडीत घेत आणि दोघं कमाटीबागेत फिरायला जात. गाडी परत येईपर्यंत उन्मेषचा जीव टांगणीला लागलेला असे. एकदा तर अर्ध्या गालावर दाढीचा फेस तसाच ठेवून तो जिना उतरला होता.

मोहनानं शेवटी विचारलंच. "तुम्हाला गाडी ठोकणारा पकडायचाय की अण्णांना?"

"मी पार्किंग मोडबद्दल बोलतोय," उन्मेष म्हणाला आणि चिडून गॅलरीत गेला.

तीन वेळा डावीच बाजू. शेंबड्या पोरालाही यातलं कळलं असतं. उन्मेषलाही कळलं होतं, म्हणून तर तो कॅमेरे शोधत होता. ज्या माणसानं आपल्याला क्लच सोडायला शिकवलं, आई गेल्यावर जो त्या गाडीच्याच आधारानं घराबाहेर पडू लागला, त्याला 'आता किल्ली ठेवा' म्हणायला त्याची जीभ रेटत नव्हती. ते कॅमेऱ्यानं म्हणावं, अशी त्याची इच्छा होती. भित्रेपणाच होता तो, आणि त्याचं त्यालाही तो टोचत होता.

मग पार्किंग मोडचा, म्हणजे उभ्या गाडीतही कॅमेरा चालण्याच्या सोयीचा, घोळ. एक धक्का बसला की जागा होणारा, दुसरा समोर काही हललं की जागा होणारा. दुसरा घेतला तर गल्लीतल्या गायी आणि कबुतरंच कार्ड खाऊन टाकणार. दोन्हींसाठी फ्यूजबॉक्समधून तार ओढायची, आणि बॅटरी उतरायच्या आत बंद पडण्याची सोय हवी ती वेगळीच. बसवायचा कसा, तर रबरी वाटीनं चिकटवलेला बडोद्याच्या उन्हात मेमध्ये गळून पडणार आणि चिकटपट्टीवाला हवा तेव्हा निघणार नाही. दुकानदार पीयूषभाईंनी त्याला चार वेळा परत जाताना पाहिलं. पाचव्या वेळी ते म्हणाले, "साहेब, आटलुं विचारशो तो गाडी जूनी थई जशे." इतका विचार करत बसलात तर गाडीच जुनी होईल. त्या शनिवारी उन्मेषनं डोळे मिटल्यासारखं करून हो म्हटलं. मधल्या आरशामागे, चिकटपट्टीनं, धक्क्यावर जागा होणारा.

पुढचे चार दिवस तो संध्याकाळी कार्ड काढून लॅपटॉपला लावत होता. उभ्या गाडीला एकदाही कोणी ठोकलं नाही. नंबरप्लेटी मात्र अशा स्वच्छ दिसत होत्या की तो त्या वाचण्यातच रमला. लॅपटॉपचा आवाज बंद होता. प्लेट वाचायला आवाज कशाला लागतो?

पाचव्या दिवशी मेथी निवडता निवडता मोहना म्हणाली, आवाज तरी लावा, अण्णा गाडीत जुनी गाणी म्हणतात म्हणे. त्यानं कालची सकाळ काढून आवाज चालू केला.

"नारायण, डावीकडे?"

"रिक्षा आहे. थांब. गेली, चल."

पुढचा चौक. "नारायण, डावीकडे?" "एक बाई आहे. जाऊ दे तिला." असं कमाटीबागेपर्यंत चाललं होतं, अगदी शांतपणे, जणू गाडी अशीच चालवायची असते. मोहनाच्या हातातली जुडी तशीच राहिली.

उन्मेषनं घाईघाईनं आजची सकाळ लावली. नारायणकाकांना खोकला झाला होता, ते आले नव्हते. पहिल्याच चौकात अण्णांनी सवयीनं विचारलं, "नारायण, डावीकडे?" उत्तर आलं नाही. गाडी थांबली. मागून हॉर्न सुरू झाले, सिग्नल दोनदा बदलला. मग अण्णांचा बारीक आवाज आला, "कोणी आहे का रे?" आणि गाडी डावीकडे वळली. कडेनं आलेली एक शाळकरी मुलगी सायकलसकट फुटपाथला टेकली. वीतभर अंतर राहिलं होतं. बिटरेट चांगला होता. तिच्या गळ्यातल्या ओळखपत्रावरचं नाव वाचता येत होतं.

उन्मेष तसाच उठून अण्णांच्या खोलीत गेला. अण्णा पेपर वाचत होते, उजव्या डोळ्यासमोर धरून.

"अण्णा, उद्यापासून तुम्ही गाडी चालवायची नाही."

वाद होईल म्हणून तो दम धरून उभा राहिला. अण्णांनी पेपरची घडी घातली, उठले, खुंटीवरची किल्ली काढली आणि त्याच्या हातात ठेवली.

"गणपतीपासून वाट बघतोय, तू कधी म्हणतोस याची," ते म्हणाले. "मला आपणहून सोडवेना रे. आणि आज तर मी जवळजवळ एका पोरीला..." ते खाटेवर बसले आणि उन्मेष किल्ली घेऊन त्यांच्याशेजारी बसला, त्यांच्या डाव्या बाजूला.