कार्मिनबाईंची दोन बोटं

माझी बायको सेलिन आता नाही. तिच्या शेवटच्या दिवसांतलं एकच लिहायचं आहे.

पक्षाघाताचा झटका आल्यावर तिची डावी बाजू लुळी पडली, बोलणं जड झालं आणि गिळताना ठसका लागू लागला. हॉस्पिटलातून घरी आल्यावर तिने एकच गोष्ट मागितली. महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी फादर आजाऱ्यांच्या घरी कम्युनियन, म्हणजे ख्रिस्ताचं शरीर मानून गिळायची पातळ भाकर, घेऊन येतात. ती तिला हवी होती.

म्हणून मी तिला पाणी गिळायची सवय लावत होतो. आम्ही तांब्याने वरून पाणी पितो, तशी तिची मान मागे धरायची आणि चमचा ओतायचा. ती गुदमरायची. मी पाठ चोळायचो. दुसरं काय करणार?

आमच्या आळीतल्या कार्मिनबाई आल्या तेव्हा माझं हेच चाललं होतं. त्यांनी मिशनच्या हॉस्पिटलात जन्म काढला. वॉर्डातच काम शिकल्या, वॉर्डातूनच निवृत्त झाल्या.

"व्हॅलेरियन, हो बाजूला! बायको आहे ती तुझी, केळीचं रोप नाही वरून पाणी घालायला."

"मग कसं पाजू?"

"आधी बसव तरी नीट."

मी काखेत हात घालून ओढायला गेलो तर सेलिन कण्हली. बाईंनी मला थांबवलं. तिच्या अंगाखालची चादर दोन्हीकडून गुंडाळून एक टोक माझ्या हातात दिलं. चादरीसकट ती अलगद वर सरकली. लुळ्या बाजूला उशी दिली, हनुवटी छातीकडे वाकवली. मग दोन बोटं तिच्या गळ्यावर ठेवली आणि अर्धा चमचा पाणी दिलं.

"गळा वर गेला. आता खाली आला. आता दुसरा चमचा. मान मागे केलीस की पाणी छातीत जातं."

ठसका लागला नाही. सेलिन माझ्याकडे बघून म्हणाली, "धसमुसळा."

"ऐकलंस?" बाई हसल्या. "आता तुझी बोटं ठेव."

मी ठेवली. माझ्या बोटांना काहीच उमगलं नाही. कातडी लागली, तिची शीर लागली. गळा कधी हलला ते कळलंच नाही. रोज ठेवत होतो, रोज तेच. बाई म्हणायच्या, "येईल." पण आलं नाही.

पहिल्या शुक्रवारी फादर लेस्लींनी कम्युनियनचा लहानसा तुकडा पाण्यात भिजवून चमच्यात दिला. बाईंची बोटं गळ्यावर होती. सेलिनने गिळलं. त्या दिवशी तिने माझ्याकडून केसही विंचरून घेतले.

पुढच्या महिन्यात तिच्या छातीत कफ भरला. पुन्हा हॉस्पिटल झालं. घरी आली ती नाकात अन्नाची नळी घालूनच. श्वासाबरोबर घशात घरघर व्हायची. पुन्हा पहिला शुक्रवार आला. फादर आले. सेलिनने डोळे उघडले आणि फादरांना बघून तोंडही उघडलं.

बाईंनी ओला कापूस तिच्या जिभेवर टेकवला आणि गळ्यावर बोटं ठेवून वाट पाहिली. बराच वेळ. मग फादरांकडे बघून त्यांनी मान हलवली.

"आज नको, फादर."

"अहो बाई, टाचणीच्या डोक्याएवढा तुकडा द्या," मी म्हणालो. "तेवढ्याने काय होतंय?"

"गळा उठत नाहीये, व्हॅलेरियन. स्वतःची थुंकीसुद्धा तिला गिळता येत नाही."

"तिचं तोंड उघडं आहे. बघा ना!"

"बघतेय."

मी त्यांना बरंच बोललो. दगड म्हणालो. त्यांनी सेलिनच्या गळ्यावरची बोटं काढली नाहीत. माझी बोटं तिथे ठेवून मी काय सांगणार होतो? मला तर कधीच काही कळलं नव्हतं.

फादरांनी सेलिनच्या कपाळावर क्रूस केला. तिने तोंड मिटलं नाही. बाईंनी हाताने हळूच तिची हनुवटी वर केली आणि ओठ पुसले. मग फादर माझ्याकडे वळले.

"ख्रिस्ताचं शरीर."

"आमेन," मी म्हणालो आणि जीभ पुढे केली. माझं गिळून होईपर्यंत सेलिन माझ्या गळ्याकडे बघत होती.