घेतलेली लाइन

तनुजाने ऑक्सिजन मशीनच्या बटणाकडे हात नेला आणि तिच्या आजोबांनी, साहेबरावांनी, तिचे मनगट धरले. सकाळपासून ज्या हाताला पाण्याचा पेला पेलवत नव्हता, त्यात एवढे बळ कुठून आले, तिला कळेना.

"लाइन बंद हाय," ते म्हणाले. एकेका शब्दामागे छाती भात्यासारखी हलत होती. "रामहरी वर हाय. त्याचा फोन येऊ दे."

"आबा, हे आपलं घर आहे. गारखेडा. सबस्टेशन नाही."

"मला शिकवती व्हय!"

तिने जबरदस्तीने मशीन लावले की ते नाकातली नळी उपसून फेकत. दुपारपासून दोनदा झाले होते. आता ओठ निळसर दिसू लागले होते. मशीनवाचून रात्र निघणे कठीण, असे डॉक्टरांनी स्पष्टच सांगितले होते.

रामहरीला जाऊन वर्षे लोटली होती. तो पाचोडकडचा वायरमन, आणि साहेबराव तिथल्या सबस्टेशनवर ऑपरेटर. खांबावर चढण्याआधी वायरमनने फोन करून लाइन आपल्या नावावर घ्यायची, म्हणजे तिची वीज बंद करून घ्यायची. काम उरकून खाली उतरला की त्यानेच फोन करून ती परत द्यायची. ज्या आवाजावर बंद, त्याच आवाजावर चालू. मध्ये दुसऱ्या कुणाची जबान चालत नसे. एका उन्हाळ्यात रामहरीने लाइन घेतली आणि वरच, कमरेच्या पट्ट्यात लटकलेला, तो गेला. विजेने नव्हे, तारा तर मुक्याच होत्या. उन्हाने. दुसऱ्या दिवशी वरिष्ठांचा हुकूम आला आणि साहेबरावांनी लाइन सोडली, वीज चालू केली. परत मात्र ती कुणी दिलीच नव्हती.

तनुजा शब्दकोशाचे काम करी. गेला आठवडाभर तिच्या टेबलावर हाच शब्द पडून होता. लाइन. मूळ लॅटिन, जवसाच्या झाडाचे नाव. त्यावरून जवसाच्या तंतूंचा दोरा, ताणलेल्या दोऱ्यावरून सरळ रेघ. मग रांग, कवितेची ओळ, रेल्वेचे रूळ, टेलिफोन, माणसाचा धंदा, आणि कॉलेजच्या कट्ट्यावर मारतात तीसुद्धा. खेड्यात तर लाइन म्हणजे वीजच. आबा बरे होते तेव्हा तिने हे सगळे त्यांना हौसेने वाचून दाखवले होते.

"जवसाची चटणी खाताना ह्ये ठाव असतं तर दोन घास जास्त गेले असते," ते हसले होते. मग थोडे थांबून म्हणाले, "पण पोरी, एक राहिलं. लाइन घेतली की परत द्यावी लागती. त्ये कुठं लिवलंस?"

"आबा, कोशात अर्थ लिहितात. नियम नाही."

"आसं व्हय," एवढेच ते म्हणाले होते.

तिने मनगट सोडवून घेतले, गॅलरीत जाऊन दार ओढले आणि शिवराजला फोन लावला. हा तिचा चुलतभाऊ, वाळूजला कंपनीत होता.

"आबांच्या मोबाइलवर फोन कर. म्हण, साहेब, रामहरी बोलतोय, खाली उतरलो, लाइन सोडा. एवढंच."

"ताई, मेलेल्याच्या नावानं? माझी तर आत्ताच टरकली."

"शिवराज."

"करतो की. शिफ्ट सुटू दे, गेटाबाहेर येऊन करतो."

ऊन गॅलरीच्या कठड्यावरून उतरले तेव्हा आबांचा मोबाइल वाजला. तनुजाने पडद्याकडे न बघताच स्पीकर लावला आणि तो उशाशी ठेवला.

"साहेब, रामहरी."

आवाजामागे वारा होता, उंचावर असतो तसा. पोरगं छान वठवतंय, तिला वाटले.

"कुठं हाईस रं?" आबांनी विचारले.

"वरच हाय. लाइन सोडू नका."

तनुजाने दात आवळले. असे ठरले नव्हते. तेवढ्यात तिच्या मुठीतला तिचा स्वतःचा फोन थरथरला. पडद्यावर शिवराजचे नाव होते. तिने तो कानाला लावला.

"ताई, आत्ता सुटलो बघ. गेटाबाहेर आलोय. करू का आबांना फोन?"

तिने फोन कानावरून हळूच खाली आणला.

"लई येळ झाला की रं तुला," आबा उशीकडे मान वळवून बोलत होते.

"शिडी धरायला कुणी नाय, साहेब. पायाला पायरी सापडंना."

"थांब. हालू नको. मी येतो."

चादरीखाली त्यांचे पाय हलले, पलंगाखालच्या चपला चाचपडाव्यात तसे. तनुजाने त्यांचा खांदा घट्ट धरला.

"आबा, नका ना जाऊ," ती म्हणाली, आणि आपण काय बोललो ते तिचे तिलाच उशिरा ऐकू आले.

फोनमध्ये नुसता वारा होता. मग तोही थांबला.

"उतरलो," आबा म्हणाले. आवाजात धाप नव्हती. ड्यूटीवरचा स्वच्छ, सरळ आवाज. "दोघंबी उतरलो. साहेबराव बोलतोय. सोड लाइन, तने."

तिने नळी त्यांच्या नाकाला लावली. या खेपेला त्यांनी हात वर केला नाही. तिने बटण दाबले. मशीन घुमू लागले, आणि खोलीत तेवढाच आवाज राहिला.